डिजिटल फोटोला फिल्मचे रूप: दादरच्या फूलमार्केटमधल्या एका फोटोपासून सुरुवात

“जुन्या फिल्मसारखा फोटो हवा” असे नवशिका म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात बहुधा दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे उजेड आणि रंग टिपण्याची फिल्मची स्वतःची रीत. दुसरी म्हणजे तीस-चाळीस वर्षे अल्बममध्ये चिकटून राहिल्यामुळे प्रिंटची झालेली झीज. १९७० च्या दशकातल्या बऱ्याच रंगीत प्रिंट्समधला निळसर-हिरवा, म्हणजे सियान, रंग अंधारात ठेवूनही सर्वांत आधी उडत गेला, आणि म्हणून घरोघरीच्या अल्बममधले त्या काळचे लग्नाचे फोटो आज तांबूस दिसतात. ज्या दिवशी ते धुऊन हातात आले त्या दिवशी मात्र ते तसे नव्हते. मोबाइलवरची बहुतेक ‘व्हिंटेज’ फिल्टर्स या झिजेचीच नक्कल करतात: काळ्याचा राखाडी होतो, पांढऱ्यावर पिवळट थर चढतो आणि सगळे फोटो एकाच पाण्यातून काढल्यासारखे दिसू लागतात.

मला त्या झिजेपेक्षा नुकत्याच धुतलेल्या रोलचे रूप कितीतरी मोलाचे वाटते, आणि पुढे सांगितलेली सगळी कृती त्यासाठीच आहे. उदाहरण म्हणून एकच फोटो शेवटपर्यंत समोर ठेवतो. दसऱ्याच्या आदल्या पहाटे दादर पश्चिमेच्या फूलमार्केटमध्ये तो काढला आहे: झेंडूने भरलेली पाटी डोक्यावर घेतलेला हमाल, मागे ताणलेली निळी ताडपत्री, तिच्याखाली टांगलेला पिवळा दिवा, बाजूला आपट्याच्या पानांचा ढीग आणि पायाखाली ओला रस्ता. त्याच पहाटे दुसऱ्या कॅमेऱ्यात मी ४०० आयएसओचा (आयएसओ म्हणजे उजेडाला असलेल्या संवेदनशीलतेचे माप) कलर निगेटिव्ह रोलही भरला होता, आणि त्याचे स्कॅन पुढे माझी मोजपट्टी ठरले.

आकडे मी फोटो सुधारण्याच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरचे दिले आहेत, कारण ते सर्वाधिक वापरात आहे. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत आणि या कामाला पूर्ण पुरेशी आहेत. जिथे त्यांची पद्धत वेगळी आहे तिथे तसे सांगितले आहे.

कोणती फिल्म, हे आधी ठरवावे

‘फिल्म’ नावाचे एकच रूप नाही. नवशिक्याला तीन प्रकार ओळखता आले की पुरे. कलर निगेटिव्ह हा घरगुती कॅमेऱ्यांतला रोजचा रोल. कोडॅक गोल्ड २०० किंवा १९९८ साली आलेली पोर्ट्रा ही त्याची उदाहरणे. या फिल्मला उजेड जास्त झाला तरी ती सांभाळून घेते, दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड) जास्तीचे एक्स्पोजर पचवते, पण उजेड कमी पडला की तिच्या सावल्या गढूळ आणि दाणेदार होतात. स्लाइड फिल्म, म्हणजे धुतल्यावर थेट सरळ रंगीत चित्र देणारी फिल्म, अगदी उलट स्वभावाची आहे. तिच्यात रंग गडद आणि सावल्या खोल येतात, आणि एक्स्पोजरची चूक ती अजिबात माफ करत नाही. १९३५ साली आलेली आणि २००९ साली बंद झाल्याचे जाहीर झालेली कोडाक्रोम ही त्या प्रकारातली सर्वांत प्रसिद्ध फिल्म. तिसरा प्रकार कृष्णधवल फिल्मचा. त्यातली कोडॅकची ट्राय-एक्स ३५ मिमी रोलच्या रूपात १९५४ पासून मिळू लागली आणि रस्त्यावर फोटो काढणाऱ्या कित्येक पिढ्यांनी ती वापरली. आपल्याकडे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचे ‘इंदू’ नावाचे कृष्णधवल रोलही मिळत असत, हे आज फोटो काढू लागलेल्या अनेकांना ठाऊक नसते.

निवड करताना एकच प्रश्न विचारावा: हा फोटो त्या काळी त्या फिल्मवर निघू शकला असता का? दादरच्या त्या पहाटे उजेड इतका कमी होता, की ६४ आयएसओच्या कोडाक्रोमवर भिंगाचे छिद्र एफ/२ इतके उघडे ठेवूनही शटर सेकंदाच्या आठव्या भागाच्या आसपास ठेवावे लागले असते, आणि चालता हमाल पुरता हलला असता. त्यामुळे त्या फोटोला कोडाक्रोमचे रूप दिले तर पाहणाऱ्याला नेमके कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटे वाटत राहते. पहाट, पावसाळी संध्याकाळ, लोकलचा डबा यांसाठी ४०० आयएसओची निगेटिव्ह किंवा कृष्णधवल फिल्म घ्यावी; कोडाक्रोमचा विचार दुपारच्या कडक उन्हासाठी करावा. उन्हातल्या स्लाइड फिल्मचा अभ्यास करायचा असेल तर रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांनी काढलेले मुंबईचे रंगीत फोटो सावकाश पाहावेत. त्यांतला काळा खरोखर काळा आहे आणि रंग भरलेले असूनही अंगावर येत नाहीत.

निगेटिव्हच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. निगेटिव्ह हा तयार फोटो नसतो. तिच्यावरच्या नारिंगी थरातून रंग कसे काढायचे हे प्रिंट किंवा स्कॅन करणारा माणूस आणि त्याचे यंत्र ठरवते. मी एकाच निगेटिव्हचे स्कॅन दोन ठिकाणी करून घेतले, तेव्हा एकीकडून सावल्या हिरवट आल्या आणि दुसरीकडून तोच रस्ता उबदार पिवळसर आला. म्हणून “पोर्ट्राचा अचूक रंग” असे काही शोधत बसण्यात अर्थ नाही. आपल्याला आवडलेला एक खरा स्कॅन मिळवावा, तो पडद्यावर शेजारी उघडा ठेवावा आणि त्याच्या दिशेने जावे.

फोटो काढतानाच घ्यायची काळजी

अर्धे काम रस्त्यावरच होते. फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइलमध्ये काढावा. जेपेगमध्ये कॅमेऱ्याने स्वतःची धार, स्वतःचा उठाव आणि स्वतःचा रंग आधीच चढवलेला असतो आणि तो मागे घेता येत नाही. मोबाइलवर ही अडचण अधिक मोठी असते, कारण तिथे अनेक फोटो एकत्र जोडून सावल्या उजळलेल्या असतात. मोबाइलमध्ये रॉची सोय असेल तर ती वापरावी, आणि चौकट ३:२ प्रमाणात कापावी, कारण ३५ मिमी फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असते आणि मोबाइलचा नेहमीचा ४:३ आकार पाहताक्षणी वेगळा जाणवतो.

एक्स्पोजर नेहमीपेक्षा अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवावे. फिल्म आणि डिजिटल यांच्यातला सर्वांत मोठा फरक इथेच आहे. निगेटिव्हवर उजळ भाग हळूहळू पांढऱ्याकडे जातो. डिजिटल सेन्सरवर तो एका मर्यादेपर्यंत ठीक राहतो आणि मग एकदम जळतो. जळलेल्या भागात नंतर काहीच भरता येत नाही, सावली मात्र थोडी उचलता येते.

झेंडूच्या बाबतीत हा धोका दुप्पट असतो. डिजिटल फोटो लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलचा बनतो; झेंडूचा नारिंगी रंग मुख्यतः लाल चॅनेलमध्ये असतो, आणि एकूण फोटो योग्य दिसत असतानाही एकटा लाल चॅनेल भरून वाहिलेला असू शकतो. माझ्या पहिल्या चार फोटोंत नेमके हेच झाले. छोट्या पडद्यावर फुले झकास दिसत होती, पण घरी मोठी करून पाहिली तेव्हा पाकळ्या गायब होत्या आणि पाटीभर सपाट पिवळा गोळा उरला होता. लाल तिथल्या तिथे थांबला होता आणि हिरवा वाढत गेला होता, म्हणून नारिंगीचा पिवळा झाला होता. तेव्हापासून मी कॅमेऱ्यावर लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही आलेख वेगळे दाखवणारा हिस्टोग्राम चालू ठेवतो आणि लाल आलेख उजव्या भिंतीला टेकू देत नाही. हा आलेख जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे रॉ फाइलमध्ये थोडी जागा शिल्लक असते. तरीही ती उरलेली जागा गृहीत धरून चालू नये.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचा समतोल, स्वयंचलित ठेवू नये. घरगुती रंगीत फिल्म सुमारे ५५०० केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचे माप) दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असे आणि रोल एकदा भरला की तो समतोल बदलता येत नसे. त्यामुळेच जुन्या फोटोंत बल्बखालचे चेहरे पिवळे, ट्यूबलाइटखालच्या भिंती हिरवट आणि पहाटेचे आकाश निळे दिसते. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोत हे सगळे ‘दुरुस्त’ करून टाकतो आणि तिथेच फिल्मचा पहिला धागा तुटतो. सगळे फोटो ५५०० वर ठेवावेत. दादरच्या फोटोत यामुळे दिव्याखालचा भाग पिवळा आणि ताडपत्रीबाहेरचा रस्ता निळसर राहिला, आणि पुढच्या सगळ्या कृतींपेक्षा या एका गोष्टीने फोटो फिल्मच्या अधिक जवळ गेला, असे माझे ठाम मत आहे.

डिजिटल धार उतरवणे

फाइल उघडल्यावर लगेच रंगांना हात लावू नये. लाइटरूममध्ये प्रोफाइल ‘अॅडोबी न्यूट्रल’ निवडावे, म्हणजे फोटो सपाट आणि थोडा नीरस दिसेल. तो तसाच दिसायला हवा. त्यानंतर धार कमी करावी. रॉ फाइलवर लाइटरूम मुळातच ४० इतकी शार्पनिंग लावते, ती १० ते १५ वर आणावी. टेक्स्चर उणे १० च्या आसपास न्यावे. क्लॅरिटी आणि डिहेझ या दोन स्लायडरांना या कामात जागा नाही. कडेकडेने येणारा तो कडकपणा फिल्मच्या भिंगांत नव्हता, आणि एकदा तो आला की वर कितीही दाणा, म्हणजे फिल्मचा बारीक खरखरीत पोत, टाकला तरी फोटो डिजिटलच दिसतो. रंगांचा नॉइज, म्हणजे सेन्सरचे नको असलेले ठिपके, काढू द्यावा, पण उजेडाचा नॉइज पुसणारा स्लायडर शून्यावर ठेवावा, नाहीतर चेहऱ्याची त्वचा मेणासारखी होते.

मग हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, उणे ४० ते ६० पर्यंत खाली आणावेत. सावल्या उचलण्याचा मोह मात्र टाळावा. मोबाइलने आपल्या डोळ्यांना अशी सवय लावली आहे की अंधाऱ्या कोपऱ्यातही सगळे दिसले पाहिजे. फिल्मवर ताडपत्रीखालचा तो कोपरा काळाच आला असता, आणि माझ्या रोलवर तो काळाच आला आहे.

कर्व्ह: खरे काम इथे आहे

फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या दोघांनी १८९० साली इंग्लंडमध्ये तेव्हाच्या फोटोच्या काचपट्टीवर पडलेला उजेड आणि त्यातून तयार होणारा काळेपणा यांचा आलेख मांडला. तो आलेख सरळ रेषा नाही, इंग्रजी एस अक्षरासारखा आहे: खाली सावल्यांत तो हळूच वर चढू लागतो, मध्ये सरळ जातो आणि वर उजळ भागात पुन्हा हळूच आडवा होतो. खालच्या वळणाला पायाचा अंगठा आणि वरच्या वळणाला खांदा म्हणण्याची पद्धत आहे. फिल्मचे रूप म्हणजे मुख्यतः हे दोन वळसे, आणि कर्व्ह हे साधन वापरून आपण तेच काढणार आहोत.

लाइटरूमच्या पॉइंट कर्व्हमध्ये डावीकडचा सर्वांत खालचा बिंदू ० वरून १० पर्यंत उचलावा. उजवीकडचा सर्वांत वरचा बिंदू २५५ वरून २४६ पर्यंत खाली आणावा. मग मध्ये दोन बिंदू घ्यावेत: आडव्या रेषेवर ६४ पाशी घेतलेला ५७ वर आणावा आणि १९२ पाशी घेतलेला १९८ वर न्यावा. आता वरच्या टोकाजवळ, २३० च्या आसपास, आणखी एक बिंदू घेऊन रेषा तिथे आडवी होत जाईल असे पाहावे. हे आकडे म्हणजे सुरुवात आहे. दिव्याकडे पाहत पाहत हा शेवटचा बिंदू हलवावा. बल्बभोवतीचा पिवळा उजेड पांढऱ्यात एकदम न तुटता विरघळत जाऊ लागला की थांबावे.

डावीकडचा बिंदू १० च्या फार वर नेऊ नये. ३० किंवा ४० वर नेलेला काळा हीच त्या तयार फिल्टर्सची खूण आहे. चांगल्या हाताने केलेल्या प्रिंटमध्ये काळा भरपूर काळा असे. राखाडी काळा येतो तो कमी एक्स्पोजरच्या निगेटिव्हमधून किंवा घाईने केलेल्या स्कॅनमधून. डार्कटेबल वापरणाऱ्यांनी हे वळसे हाताने काढण्याऐवजी सिग्मॉइड किंवा फिल्मिक यांपैकी एक मॉड्यूल वापरावे. ती दोन्ही याच आकाराच्या रेषेवर चालतात. दोन्ही एकदम मात्र लावू नयेत.

त्यानंतर रंगांचे वेगळे कर्व्ह घ्यावेत आणि तेही अगदी थोडे. निळ्या कर्व्हचे वरचे टोक २५५ वरून २४२ पर्यंत खाली आणले की उजळ भागांत किंचित पिवळी ऊब येते, आणि त्याचे खालचे टोक पाच-सहा अंकांनी उचलले की सावल्यांत निळसर छटा येते. लाल कर्व्ह सावल्यांच्या भागात दोन-तीन अंक खाली ओढला तर ती छटा निळसर-हिरवी होते, आणि माझ्या रोलच्या स्कॅनमध्ये ती तशीच आहे. हे सर्व करून फोटो पाच मिनिटे नजरेआड करावा. डोळा रंगाला फार लवकर सरावतो.

रंग: झेंडू, त्वचा आणि ताडपत्री

फिल्ममधले रंग आणि पडद्यावरचे रंग यांच्यात एक मूलभूत फरक आहे आणि तो समजला तर बाकीचे सोपे जाते. फिल्मवर रंग हा पारदर्शक रंगद्रव्याचा थर असतो. रंग जितका गडद तितका थर दाट, आणि थर जितका दाट तितका त्यातून उजेड कमी जातो. म्हणून फिल्मवर भडक रंग आपोआप थोडा काळवंडतो. पडद्यावर तसे होत नाही. तिथे भडक रंग अधिकच चमकतो आणि दिव्यासारखा दिसतो. त्यामुळे डिजिटल फोटोतला एखादा रंग डोळ्यांत खुपत असेल, तर नुसते सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, कमी करू नये. त्याने रंग फिका आणि मेलेला दिसतो. त्या रंगाचा उजेड, म्हणजे ल्युमिनन्स, कमी करावा. डार्कटेबलमध्ये हेच काम कलर बॅलन्स आरजीबी या मॉड्यूलमधला ब्रिलियन्स हा भाग करतो.

मुंबईच्या रस्त्यावर सर्वांत आधी खुपते ती निळी ताडपत्री. पावसाळ्यात तर शहरातली अर्धी छपरे याच निळ्याने झाकलेली असतात आणि डिजिटल कॅमेरा हा निळा जसाच्या तसा, प्लॅस्टिकच्या चमकेसह, आणून ठेवतो. माझ्या फोटोत निळ्याचे ल्युमिनन्स उणे २०, सॅच्युरेशन उणे २० आणि ह्यू (रंगाची छटा) उणे ८ केले, म्हणजे तो किंचित हिरव्याकडे झुकला. ताडपत्री मागे सरकली आणि हमाल पुढे आला. हिरव्यासाठी ह्यू उणे १५, सॅच्युरेशन उणे १५ आणि ल्युमिनन्स उणे १०. आपट्याची पाने त्यामुळे पोपटी न राहता जुन्या फोटोंतल्यासारखी थोडी पिवळसर आणि जड दिसू लागली.

झेंडूपाशी मात्र थांबून विचार करावा लागतो. झेंडू नारिंगी आहे, आणि हमालाचा उजेडात आलेला खांदा, कपाळ आणि दंडसुद्धा लाइटरूमच्या हिशेबात नारिंगीच आहेत. नारिंगी स्लायडर हलवला की दोन्ही एकदम बदलतात. फुले सावरायला गेलो तर माणूस राखेसारखा होतो, आणि माणूस उजळायला गेलो तर फुले पेटतात. बाजारात विकत मिळणारे अनेक तयार प्रीसेट (स्लायडरांच्या जपून ठेवलेल्या आकड्यांचे संच) गोऱ्या त्वचेवर बेतलेले असतात आणि त्यांत नारिंगीचे ल्युमिनन्स वाढवलेले असते. ते आपल्या माणसांच्या फोटोला लावले की चेहऱ्यावर पावडर थापल्यासारखी दिसते. सावळ्या वर्णाची खोली घालवून कोणतेही जुने रूप मिळत नाही. म्हणून नारिंगीचा स्लायडर शून्यावर ठेवावा आणि फक्त फुलांवर मास्क (बदल तेवढ्याच भागापुरता ठेवणारी निवड) काढावा. लाइटरूममध्ये कलर रेंज मास्कने झेंडूवर टिचकी मारावी, मग ब्रशने चेहऱ्याचा आणि अंगाचा भाग त्यातून वजा करावा. या मास्कमध्ये एक्स्पोजर उणे ०.३, हायलाइट्स उणे ३० आणि सॅच्युरेशन उणे ८ इतकेच करावे. पाकळ्यांच्या कडा पुन्हा दिसू लागतात, आणि पाटीच्या सावलीच्या बाजूला झेंडू तपकिरीकडे झुकतो, तसा तो निगेटिव्हवरही झुकला होता.

दिव्याभोवतीची लाली

रात्रीच्या काही फिल्म-फोटोंत दिव्यांभोवती लालसर वलय दिसते. तेजस्वी उजेड फिल्मचे सगळे थर ओलांडून मागच्या पट्टीवर आदळतो, तिथून परततो आणि सर्वांत खाली असलेल्या लालसंवेदी थराला पुन्हा उजळतो. म्हणून वलय लाल असते. हे टाळण्यासाठी फिल्मच्या मागे उजेड शोषणारा थर दिलेला असतो. सिनेस्टिल ८०० टी ही फिल्म सिनेमाच्या फिल्मवरचा तो काळा थर आधीच काढून विकली जाते, आणि तिच्यात ही लाली ठळक येते. साध्या रोलमध्ये ती जेमतेम असते. हवी असल्यास गिंप या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये फोटोचा थर दुप्पट करावा, कर्व्हने दिवा सोडून सगळे काळे करावे, उरलेल्या उजेडाला लाल-नारिंगी रंग द्यावा, साधारण ३० पिक्सेलचा गॉसियन ब्लर लावावा, थराची पद्धत ‘स्क्रीन’ ठेवावी आणि अपारदर्शकता १५ ते २० टक्क्यांवर आणावी. दिवसाच्या फोटोत हे करू नये.

दाणा सर्वांत शेवटी

नवशिके दाण्यापासून सुरुवात करतात. दाणा शेवटी टाकावा, आणि त्याआधी फोटो ज्या आकारात वापरायचा त्या आकारात आणावा. सहा हजार पिक्सेलच्या फोटोवर टाकलेला दाणा दोन हजार पिक्सेलवर आणताना विरघळून जातो. उलट केले तर तो वाळूसारखा टोचतो. म्हणून पडद्यासाठी लांब बाजू २०४८ पिक्सेल करून ती प्रत वेगळी काढावी, पुन्हा लाइटरूममध्ये घ्यावी आणि मग दाणा द्यावा.

फिल्मचा दाणा आणि सेन्सरचा नॉइज एक नव्हेत. नॉइज सावल्यांत माजतो. दाणा मधल्या राखाडी छटांत, म्हणजे भिंत, रस्ता, त्वचा, ढगाळ आकाश यांत, सर्वाधिक दिसतो आणि गडद काळ्यात व पांढऱ्याशुभ्र भागात जवळपास नाहीसा होतो. ४०० आयएसओच्या रंगीत निगेटिव्हसाठी अमाउंट २०, साइज २५ आणि रफनेस ५० इतके पुरते. डार्कटेबलच्या ग्रेन मॉड्यूलमध्ये जाडी आयएसओच्या अंकांत दिलेली असते आणि दाणा मधल्या छटांकडे वळवण्याचा वेगळा स्लायडर आहे. तो वर ठेवावा. फोटो शंभर टक्के मोठा करून दाणा ठरवू नये. पूर्ण फोटो पडद्यावर ठेवून हातभर अंतरावरून पाहावे. दाणा आहे असे जाणवले पण नजर त्यावर अडकली नाही, तर प्रमाण बरोबर आहे.

ओरखडे, धूळ, कडेने आत आलेला नारिंगी उजेड यांचे तयार थर टाकू नयेत. ते कॅमेऱ्याच्या किंवा लॅबच्या चुकांचे डाग आहेत, आणि तोच ओरखडा चार फोटोंत त्याच जागी दिसला की पाहणाऱ्याचा विश्वास उडतो. कोपऱ्यात १९८६ सालची नारिंगी तारीख घालणे तर सरळ खोटे आहे. हमालाच्या खिशातला मोबाइल, मागचा फ्लेक्स, मेट्रोचा खांब पुसू नये. आजचा रस्ता आजही लोक फिल्मवर टिपतात.

कृष्णधवल करायचे असेल तर

त्याच फोटोची कृष्णधवल प्रत करताना सॅच्युरेशन शून्य करून भागत नाही, कारण मग झेंडू, त्वचा आणि ताडपत्री एकाच राखाडीत मिसळतात. ब्लॅक अँड व्हाइट मिक्स वापरावे. जुने छायाचित्रकार भिंगावर पिवळी, नारिंगी किंवा लाल काच लावत आणि त्याने आकाश गडद होई. इथे तेच काम स्लायडरांनी होते. पिवळ्या काचेचा परिणाम हवा असेल तर पिवळा अधिक २०, नारिंगी अधिक १०, निळा उणे ३०. दादरच्या फोटोत झेंडू त्यामुळे उजळला, ताडपत्री जवळजवळ काळी झाली आणि तिच्यासमोर पाटीची कड स्पष्ट उठून आली. नारिंगी २५ च्या पुढे नेला की सावळा चेहरा खडूसारखा होतो, त्यामुळे तिथे हात आवरावा.

ट्राय-एक्ससारखी ४०० ची फिल्म कमी उजेडात १६०० ची समजून वापरत आणि धुताना जास्त वेळ ठेवत; याला पुश करणे म्हणतात. त्याने सावल्यांत नवीन काही उगवत नाही. उलट सावल्या बुडतात, मधल्या छटा ताणल्या जातात आणि दाणा जाड होतो. म्हणून या रूपासाठी कर्व्हचा डावा बिंदू ० वरच ठेवावा, ६४ चा बिंदू ४५ पर्यंत खाली न्यावा आणि दाण्याचे अमाउंट ४०, साइज ३५ करावे. कर्व्हचा वरचा खांदा तेवढा मऊ राहू द्यावा.

पूर्ण रोल

एक फोटो मनासारखा झाला की तो प्रीसेट म्हणून जपून ठेवावा आणि त्या पहाटेच्या सर्व फोटोंना लावावा. रोलमध्ये ३६ चौकटी असत आणि त्या सगळ्यांना एकच फिल्म असे. तीच शिस्त इथे पाळावी. प्रत्येक फोटोत फक्त एक्स्पोजर हलवायची मुभा घ्यावी. व्हाइट बॅलन्स, कर्व्ह आणि रंग यांना पुन्हा हात लावू नये, मग काही फोटो थोडे निळे किंवा थोडे पिवळे राहिले तरी चालेल. पुढच्या आठवड्यात भुलेश्वरला किंवा पुण्याच्या मंडईत गेलात तर हाच रोल पुन्हा भरल्यासारखा तोच प्रीसेट न्यावा, म्हणजे महिन्याभरात त्याच्या मर्यादा कळू लागतात.

प्रत काढताना रंगक्षेत्र (फाइलमधल्या रंगांची व्याप्ती) एसआरजीबी ठेवावे, जेपेगचा दर्जा ९० च्या आसपास ठेवावा आणि शेवटी वेगळी शार्पनिंग लावू नये. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवल्यास दाब पडून दाणा चिखलासारखा होतो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. प्रिंटसाठी मात्र छोट्या प्रतीवरून काम करू नये. मूळ मोठी फाइल घेऊन तिच्यावर दाणा नव्याने द्यावा, साइज ४० च्या आसपास. चार बाय सहा इंचांच्या प्रिंटमध्ये तो जवळपास दिसतच नाही. दिसावा अशी इच्छा असेल तर आठ बाय बाराची प्रिंट मॅट कागदावर काढून घ्यावी, आणि लॅबला रंगदुरुस्ती बंद ठेवायला आधीच सांगावे, नाहीतर ५५०० वर जपलेली ती पहाटेची निळाई यंत्र एका क्षणात पुसून टाकते.